पास्त्याचे मुलूख



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या भूगोल शिकवत. एखाद्या प्रदेशाचा पाऊस आणि माती फळ्यावर मांडून झाली, की तिथली माणसे जेवत काय असतील हे त्या मुलांना ताडायला लावत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. त्यामुळे आजचा विषय त्यांना खटकला नसता, असे मी धरून चालते. पत्रिकेवर 'इटलीचा पास्ता' हे शब्द वाचून कोणी पाककृती उतरवून घ्यायला वही घेऊन आले असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. माझा धंदा गव्हाचा. उभे आयुष्य गव्हाच्या वाणांत गेले आणि पास्त्याकडे मी आले, तीही गव्हाच्याच वाटेने.

आपल्याकडे पास्ता हा एकच पदार्थ. लाल सॉसमधला हवा की पांढऱ्या, एवढेच काय ते विचारायचे. इटलीत असा पदार्थ शोधायला गेलात तर सापडणार नाही. ओरेत्ता झानिनी दे विता या अभ्यासक बाईंनी पास्त्याचा कोश केला, त्यात तीनशेहून अधिक नोंदी आहेत. एकेका नोंदीखाली तोच आकार शेजारच्या खोऱ्यात कोणत्या नावाने ओळखतात याची वेगळी यादी. दोन गावांत नाव एक आणि आकार निराळा, हेही आहेच. कोश चाळताना आपण एका देशात आहोत असे वाटतच नाही, आणि ते खरेही आहे. इटली हा देश म्हणून 1861 मध्ये उभा राहिला. पास्ता त्याच्या कितीतरी आधीचा.

इतके वैविध्य पाहिले, की आपण म्हणतो, काय हौशी लोक! मला ते पुरते पटत नाही. हौस असते, नाही असे नाही. पण बहुतेक ठिकाणी पास्त्याचा आकार हौसेने ठरलेला नाही. कोणता गहू पिकतो, अंडे घरात राहते की जमीनमालकाकडे जाते, वारा कोरडा आहे की दमट, चीज परवडते का, या गोष्टींनी, म्हणजे बहुधा अभावाने, तो ठरवला. अभिमान मागाहून आला. नियम तर अगदी काल-परवाचे.

आधी मार्को पोलोचा निकाल लावू, नाहीतर शेवटी कोणीतरी त्याचा प्रश्न विचारणारच. त्याने चीनहून शेवया आणल्या ही गोष्ट खोटी आहे. तो व्हेनिसला परतला 1295 मध्ये. त्याआधी, 1279 मध्ये, जिनोआच्या एका नोटरीने एका माणसाच्या चीजवस्तूंची यादी केली, तीत मॅकरोनीने भरलेली एक पेटी आहे. यादीत घालण्याजोगी म्हणजे टिकाऊ वस्तू, म्हणजेच वाळवलेला पास्ता. त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी, 1154 मध्ये, अल-इद्रीसी या अरब भूगोलकाराने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तिथे पाणचक्क्या आहेत, शेवयांसारखा पास्ता भरपूर होतो आणि गलबते भरभरून तो कलाब्रियाला, मुसलमानी आणि ख्रिस्ती मुलखांना जातो, असे तो सांगतो. थोडक्यात, पास्त्याचा पहिला पक्का पुरावा एका बंदरातल्या व्यापारी मालाचा आहे. घरच्या चुलीवरच्या आजीची पाककृती तिथे कुठेच नाही.

आता गहू. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

इटलीत दोन गहू आहेत. उत्तरेला, पो नदीच्या ओलसर खोऱ्यात, मऊ गहू पिकतो. तो दळला की पांढरे, पावडरीसारखे पीठ पडते. ब्रेडला ते उत्तम. दक्षिणेला, सिसिलीत आणि पुलिया प्रांतातल्या फोज्जाच्या कोरड्या सपाटीवर, ड्युरम पिकतो. त्याचा दाणा काचेसारखा कडक आणि पिवळसर. जात्यात घातला की पिठाऐवजी रवा पडतो. या रव्याची कणीक पाण्यात मळली तरी घट्ट बसते, वाळवली तर कडक होते आणि उकळत्या पाण्यात गेल्यावरही आपला आकार सोडत नाही. मऊ गव्हाच्या पिठाच्या नुसत्या पाण्यात मळलेल्या कणकेचा शिजताना लगदा होऊ लागतो. तिला बांधायला अंडे लागते. इटलीतल्या पास्त्याची पहिली मोठी फाळणी इथे होते. दक्षिणेत रवा, पाणी आणि वाळवण. उत्तरेत, विशेषतः बोलोन्याभोवतीच्या एमिलियात, पीठ, अंडी आणि ताजी लाटलेली पोळी. इटलीच्या 1967 च्या कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे असे बंधन घातले, म्हणजे दक्षिणेची रीत सगळ्या देशाला लावली.

आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच. शेवयांना आणि कुरडयांना जुन्या बायका बन्सीच मागत, त्यामागचे शास्त्र हेच. पास्त्याचे हाताने वळलेले आकार पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला नवल वाटण्याऐवजी ओळख पटली. लग्नाच्या आधी रुखवतासाठी आपल्या बायका वळवट करायला बसत. गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटव्या. कोणी बोटाच्या पेरावर, कोणी नखाने, कोणी परातीच्या पाठीवर. पुलियातल्या आणि सार्डिनियातल्या बायकांची बोटे हेच करतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडे ते रोजच्या जेवणात गेले आणि पुढे बाजारात. आपल्याकडे खिरीत अडकून राहिले.

पुलियात ज्या गव्हाचा फार अभिमान बाळगतात त्याचे नाव 'सेनातोरे कापेल्ली'. नाझारेनो स्त्राम्पेल्ली या इटलीच्या थोर गहू पैदासकाराने तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोज्जाला निवडून काढला आणि आपल्या कामाला पाठिंबा देणाऱ्या सिनेटरचे नाव त्याला दिले. आज दुकानात त्याच्या रव्याच्या पाकिटावर 'प्राचीन धान्य' असे लिहिलेले असते. त्याचे मूळ उत्तर आफ्रिकेतल्या एका देशी वाणात आहे आणि वय जेमतेम शंभर वर्षे. माझ्यासारखीला हे वाचून हसू येते. वाण मात्र खरेच गुणी आहे.

नेपल्सकडे येऊ. पास्त्याचे गाव म्हणून जगाला तेच माहीत आहे, आणि गंमत अशी की पास्त्याच्या बाबतीत ते उशिरा आलेले. सतराव्या शतकापर्यंत नेपल्सच्या माणसांना बाकीचे लोक 'पालेखाऊ' म्हणून हिणवत, कारण कोबीसारख्या पालेभाज्या आणि मांस हे त्यांचे मुख्य जेवण. 'मॅकरोनीखाऊ' ही शिवी सिसिलीकरांना होती. पुढे ती नेपल्सला चिकटली. हा बदल कसा झाला यावर एमिलियो सेरेनी या शेतीच्या इतिहासकाराने 1958 मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. तो वाचल्यावर माझी पास्त्याकडे पाहण्याची नजरच बदलली. स्पॅनिश अमलाखाली शहराची वस्ती बेसुमार वाढली. मांसाचा पुरवठा आटला. त्याच सुमारास कणीक मळायची आणि साच्यातून दाबून काढायची यंत्रे पसरली, त्यामुळे पास्ता स्वस्त झाला. शेवयांवर किसलेले चीज घातले की मांसाची जागा कशीबशी भरून निघते, हे गरिबाने शोधलेले गणित होते. जर्मन कवी गटे 1787 मध्ये नेपल्सला आला तेव्हा रस्तोरस्ती मॅकरोनी नुसत्या पाण्यात शिजवून, वर किसलेले चीज भुरभुरून, चार पैशांत मिळत होती. लोक ती हाताने उचलून, मान मागे टाकून तोंडात सोडत. पुढे परदेशी पाहुणे पैसे देऊन हा खेळ बघू लागले, त्याचे फोटो विकले जाऊ लागले.

टोमॅटो यात कुठेच नाही, हे लक्षात आले का? अमेरिकेतून आलेल्या या फळाचा सॉस नेपल्समध्ये अंतोनियो लातिनीने 1690 च्या दशकात छापला खरा, पण तो पास्त्यासाठी नव्हता. नेपल्सचा उमराव इप्पोलितो काव्हालकांती याच्या पाकग्रंथाच्या 1839 च्या आवृत्तीत, तिथल्या बोलीत लिहिलेल्या पुरवणीत, शेवया आणि टोमॅटो एकत्र येतात. म्हणजे आपण ज्याला पास्त्याचे मूळ रूप समजतो, तो लाल पास्ता तसा अलीकडचाच.

नेपल्सच्या दक्षिणेला, लात्तारी डोंगराच्या उतारावर, ग्रान्यानो नावाचे गाव आहे. वरून ओढे येतात म्हणून तिथे पाणचक्क्या होत्या. खाली समुद्र आहे म्हणून दमट वारे चढतात, डोंगरावरून कोरडे उतरतात. गावाचा मुख्य रस्ता वाऱ्याच्या अंगाने आखला आहे असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे पाहिली तर या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बांबूंच्या वाळवण्या, त्यांवर ओळीने लोंबणाऱ्या पिवळ्या शेवया आणि मधून माणसांची ये-जा.

ही वाळवण नुसती उन्हात टाकून विसरायची नसे. पहिल्या टप्प्यात ऊन आणि वारा लावून वरची साल तेवढी घट्ट करायची. मग सगळा माल थंड, दमट तळघरात न्यायचा. तिथे आतली ओल हळूहळू वर येते आणि साल पुन्हा मऊ होते. मग सावलीत, मोजक्या वाऱ्यात, शेवटची वाळवण. उन्हाळ्यात आठवडाभर, थंडीत त्याहून जास्त. पहिल्या टप्प्यात घाई झाली तर बाहेरची साल आवळते, आत ओल राहते आणि नंतर सगळ्या काड्या तडकतात. उशीर झाला तर आंबतात. कामाचा मुकादम समुद्राकडे बघून वारा ओळखे आणि त्याप्रमाणे खिडक्या उघडायच्या की लावायच्या हे ठरे. या ज्ञानाला तिथे यंत्रापेक्षा जास्त किंमत होती. आज ग्रान्यानोच्या पास्त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे, 2013 पासून. पाणी तिथलेच हवे, साचे ब्राँझचे हवेत, म्हणजे पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि सॉस धरून ठेवतो; वाळवण 40 ते 80 अंशांत, 6 ते 60 तास. वारा या नियमात नाही. तो आता बंद खोलीत पंख्याने येतो.

पंखा आला आणि नेपल्सचा मक्ता सुटला. कृत्रिम वाळवणीमुळे पास्ता कुठेही करता येऊ लागला. 1930 च्या दशकात मळण्यापासून दाबण्यापर्यंत न थांबता चालणारी यंत्रे आली, तीही उत्तरेतल्या पार्मातून. 1877 मध्ये पार्मात पाव आणि पास्त्याचे छोटे दुकान म्हणून सुरू झालेली बारिल्ला आज जगातली सर्वांत मोठी पास्ता कंपनी आहे. मऊ गव्हाच्या मुलखात ड्युरमचा सर्वांत मोठा कारखाना. भूगोलाच्या बाईंना हे आवडले असते की नाही, कोण जाणे.

बोलोन्या हे माझ्या म्हणण्याला आडवे येणारे शहर आहे. तिथला पास्ता अभावातून आलेला नाही. ते सुपीक खोरे, डुकरे, दूध, पार्मिजानो चीज, अंडी, सगळे मुबलक. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे हे तिथले प्रमाण, पाण्याचा थेंब नाही. पोळी लाटणाऱ्या बाईला तिथे 'स्फोल्यिना' म्हणतात. तिचा पाट जेवणाच्या टेबलाएवढा आणि लाटणे हातभराहून लांब. मळलेली कणीक झाकून ठेवायची, मग मधून बाहेर रेटत लाटायची. पोळी पाटाच्या कडेवरून खाली लोंबते. ती पोटाने पाटाशी दाबून धरायची आणि दोन्ही हातांनी उरलेली पुढे ताणायची. लाकडी पाटाचा खरखरीतपणा पोळीला लागतो, म्हणून वर टाकलेला मांसाचा रस घसरत नाही. पोळी खिडकीशी धरली तर पलीकडचे सान लूका टेकडीवरचे देऊळ दिसले पाहिजे, ही तिथली पातळपणाची कसोटी. मग ती सैल गुंडाळून सुरीने पट्ट्या कापायच्या. त्या ताल्यातेल्ले. किंवा चौकोन कापून, वाटाण्याएवढे सारण ठेवून, करंगळीभोवती वळायचे. त्या तोर्तेल्लीनी. सारणात डुकराचे मांस, हॅम, मोर्तादेल्ला, चीज, अंडे आणि जायफळ. खच्ची केलेल्या कोंबड्याच्या निवळ सुपात हे शिजते, आणि नाताळला त्याशिवाय चालत नाही. क्रीममध्ये घोळलेले तोर्तेल्लीनी कोणी वाढले तर जुना बोलोन्याकर मान फिरवतो. मी त्याच्या बाजूची आहे.

तिथल्या पाकअकादमीच्या शाखेने 16 एप्रिल 1972 रोजी बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये सोन्याची एक ताल्यातेल्ला जमा केली. शिजल्यावर तिची रुंदी 8 मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. दोन वर्षांनी तोर्तेल्लीनीच्या सारणाची कृती नोंदली गेली, 1982 मध्ये मांसाच्या रागूची. घरोघर लाटणे थांबून पाकिटे येऊ लागली त्याच काळात हे झाले, हा योगायोग नाही. हातात असते तोवर कोणी मोजत नाही. आणि ही कायमची म्हणून नोंदलेली रागूची कृती 2023 मध्ये सुधारून पुन्हा नोंदवावी लागली. पेल्लेग्रीनो आर्तुझीने 1891 मध्ये स्वखर्चाने छापलेल्या आणि पुढे इटलीच्या घराघरात गेलेल्या पाकग्रंथात बोलोन्याच्या पद्धतीची मॅकरोनी आहे. तिच्या रागूत वासराचे मांस आहे, खारवलेले डुकराचे मांस आहे, लोणी आहे, कांदा-गाजर-सेलरी आहे, टोमॅटो नाही. आज तोच रागू टोमॅटोशिवाय केला तर तुम्हाला परंपरा माहीत नाही असे ऐकावे लागेल.

बोलोन्याच्या पूर्वेला रोमान्या सुरू होते. आर्तुझी तिथलाच, फोर्लिंपोपोलीचा. तिथले बटाईने कसणारे शेतकरी निम्मे पीक मालकाला देत, शिवाय सणाला कोंबडे आणि अंडी वेगळी पोचवावी लागत. त्यांच्या घरात पासातेल्ली शिजत: शिळ्या पावाचा चुरा, चीज, अंडे, जायफळ, सगळे मळून छिद्रांच्या लोखंडी साच्यातून थेट सुपात दाबायचे. पाव वाया जायला नको, हा त्यामागचा विचार. याच रोमान्यातून सेनियो नावाची लहानशी नदी वाहते. 9 एप्रिल 1945 रोजी ती ओलांडताना आपल्या नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणत होते आणि जर्मन मशीनगनच्या चौक्या एकट्याने मोडत होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी रायगडचे यशवंत घाडगे तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कामी आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या जवानांनी तिथल्या शेतघरांत काय खाल्ले याची नोंद मला कुठे मिळालेली नाही, पण त्या मुलखाचे नाव घेताना मला हे दोघे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

उरलेल्या उत्तरेबद्दल थोडक्यात. तिथला गरीब माणूस पास्ता खातच नव्हता, तो मक्याच्या पिठाचा पोलेंता खाई, नुसता पोलेंता खाऊन पेलाग्रा हा रोग होऊन मरे. म्हणून तिथे पास्ता आहे तो कोपऱ्याकोपऱ्यांत. आल्प्समधल्या वाल्तेल्लिनात गहू नीट होत नाही, तर कुट्टूच्या पिठाच्या काळपट पट्ट्या करतात आणि बटाटे, कोबी, लोणी, चीज यांच्यासह शिजवतात, पिझ्झोक्केरी. व्हेनेतोत बाकावर बसवलेल्या सोऱ्यातून जाड बिगोली काढतात. पिएमोंतेत तायारिन नावाच्या केसासारख्या पट्ट्यांना किलोभर पिठाला तीस पिवळे बलक घालतात. हा अर्थातच गरिबाचा पदार्थ नव्हे. लिगुरियात डोंगर इतका समुद्राला भिडलेला, की शेताला जागाच नाही, मग टेकडीच्या पायऱ्यांवर वाढवलेली तुळशीसारखी बेसिल, चीज, लसूण वाटून केलेला पेस्तो पास्त्याला लावतात आणि त्याच भांड्यात बटाटा व फरसबी उकडतात. पेस्तो आपल्याकडे पोचला, बटाटा आणि फरसबी वाटेत गळाली. मला तो बटाटा फार महत्त्वाचा वाटतो. पोट त्याने भरते.

दक्षिणेत अंडी विकायची असत, चीजही. तिथे रवा आणि पाणी यांवरच भागवायचे, म्हणून सगळी कामगिरी बोटांवर आली. जुन्या बारी शहरातल्या आर्को बास्सो गल्लीत आजही बायका दाराशी टेबल मांडून ओरेक्किएत्ते वळतात. कणकेची दोरी, तिचा सुरीने पाडलेला तुकडा, तीच सुरी आडवी धरून तो ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. कानाच्या पाळीएवढी वाटी होते, एक बाजू खडबडीत. तीत कडवट पालेभाजी अडकते. वर चीजऐवजी तेलात परतलेला पावाचा चुरा. हा चुरा दक्षिणेत सगळीकडे भेटतो आणि त्याचे कारण सांगायला नको. आता तो चांगल्या हॉटेलांत वेगळे पैसे लावून मिळतो.

सिसिलीत समुद्र येतो. पालेर्मोला तारल्या, रानबडीशेपेचा पाला, मनुका आणि पाइनच्या बिया घालून पास्ता करतात. गोड आणि खारट एकत्र, अरबांच्या चवीची आठवण. त्रापानीला बदामाचा पेस्तो आहे. पूर्वेकडून परतणारी जिनोआची जहाजे तिथे नांगर टाकत, खलाशांनी लसणाचा आपला पेस्तो दाखवला आणि गावकऱ्यांनी जे झाडावर होते ते वाटले, अशी तिथली कथा. मला ती खरी वाटते.

पण एकच पदार्थ जवळून दाखवायचा झाला तर मी सार्डिनियात, नुओरोला नेईन. 'सु फिलिंदेउ'. रवा, पाणी, मीठ. कणीक इतका वेळ मळायची, की हाताला ती बदललेली कळली पाहिजे. कोरडी वाटली तर साध्या पाण्यात बोटे बुडवायची, ताण कमी वाटला तर मिठाच्या पाण्यात. हे प्रमाण लिहून देता येत नाही. मग दोरी ताणून दुमडायची, पुन्हा ताणून दुमडायची, आठ वेळा. 256 धागे होतात, शिवणाच्या दोऱ्यासारखे बारीक. ते अ‍ॅस्फोडेलच्या पात्यांच्या विणलेल्या गोल तबकावर पसरायचे. त्यावर दुसरा थर तिरका, त्यावर तिसरा. उन्हात वाळले की तलम कापडाचा तुकडा हातात आल्यासारखे वाटते. तो मोडून मेंढीच्या मांसाच्या सुपात टाकतात, वर आंबट ताजे पेकोरीनो चीज. मे महिन्यात आणि 4 ऑक्टोबरला लूला गावच्या सान फ्रांचेस्कोच्या जत्रेला नुओरोहून रात्रभर डोंगरातून चालत येणाऱ्या यात्रेकरूंना ते वाढतात. कारखान्यांनी यंत्रावर करून पाहिले, जमले नाही. करणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. इथे गरिबी आहे, मेंढपाळांचा मुलूख आहे; तरी एवढे श्रम पोटासाठी कोणी करत नाही. माझ्या अभावाच्या सिद्धांतात हा पदार्थ बसत नाही, आणि तो बसवण्याचा खटाटोप मी करणार नाही.

रोमबद्दल विचारणार हे माहीत आहे. रोमच्या चार प्रसिद्ध पास्त्यांतला एक, आमात्रिचाना, ज्या आमात्रिचे गावाचा, ते गाव 1927 पर्यंत आब्रुत्सोत होते, रोमच्या लाझियो प्रांतात नव्हतेच. डुकराच्या गालाचे खारवलेले मांस आणि मेंढीचे चीज हा मेंढपाळांचा शिधा, तो त्यांच्याबरोबर खाली रोमला आला. 24 ऑगस्ट 2016 च्या भूकंपात ते गाव जवळजवळ भुईसपाट झाले. आणि त्या चारांतलीच, अंडे-चीजची कार्बोनारा? दुसऱ्या महायुद्धाआधी तिचे नाव कोणत्याही पाकपुस्तकात सापडत नाही. तिची सर्वांत जुनी छापील कृती 1952 ची, शिकागोची. इटलीतल्या एका नामांकित पाकमासिकात ती 1954 मध्ये आली, त्यात ग्रुयेर हे स्विस चीज आणि लसूण होता. आज कार्बोनारात लसूण किंवा क्रीम घातले म्हणून समाजमाध्यमांवर शिव्या पडतात. अमेरिकी सैन्याची बेकन आणि अंड्याची भुकटी यातून ती जन्मली असे अनेकजण मानतात. कसेही असो, जी सत्तर वर्षांची आहे तिला हजार वर्षांची करायची घाई कशाला?

'इटालियन पास्ता' ही एकवचनी कल्पना मुख्यतः परदेशात तयार झाली. 1880 ते 1924 या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक दक्षिणेचे. गावात सणालाच मिळणारा कारखान्यातला पास्ता, डब्यातला टोमॅटो आणि मांस तिथे रोज परवडू लागले. सिसिलीचा आणि नेपल्सचा शेजारी एका चाळीत आला, त्यांची भांडी एक झाली, आणि मांसाचे गोळे घातलेली स्पॅगेटी जन्मली. तिला हसू नये. पोटभर जेवण मिळाल्याचा तो पुरावा आहे.

राहता राहिला गहू. 2018 मध्ये इटलीत पास्त्याच्या पाकिटावर गहू कुठे पिकला आणि कुठे दळला हे छापणे सक्तीचे झाले. कॅनडाच्या गव्हाविरुद्ध शेतकऱ्यांनी ओरड केली होती आणि ग्राहकाला इटलीचाच गहू हवा होता. शेतकऱ्यांची बाजू बरोबर आहे, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. पण नेपल्सचा आणि ग्रान्यानोचा पास्ता ज्या काळात जगभर गाजला, त्या काळात चांगले कारखानदार अझोव्ह समुद्रावरच्या तगानरोग बंदरातून येणारा रशियाचा ड्युरम वापरत. तो इतका कडक आणि पिवळा होता, की उत्तम मालाची खूण म्हणून तगानरोगचेच नाव सांगत. 1917 च्या क्रांतीनंतर तो गहू येईनासा झाला. पाकिटावर मूळ देश छापायचा नियम 1900 मध्ये असता, तर ग्रान्यानोच्या खोक्यावर रशिया असे छापावे लागले असते, आणि गिऱ्हाइकाने ते वाचून चार पैसे खुशीने जास्त दिले असते.